मोहटोल्याचा विडलॉक

मी नोकरीभर रेकॉर्ड रूम सांभाळली. कोणत्या कचेरीतली ते सांगत नाही. वर्धा जिल्ह्यातली होती एवढं पुरे. पेन्शन सुरू आहे आणि ती सुरूच राहावी अशी माझी इच्छा आहे.

जिवंत माणसांची कामं पुढच्या हॉलमध्ये अडत, मेलेल्यांची मागच्या खोलीत माझ्याकडे. खोली लांबट, खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून. छतापर्यंत लोखंडी रॅक आणि रॅकवर बस्ते. बस्ता म्हणजे लाल कापडात गाठ मारून बांधलेला कागदांचा गठ्ठा. कापड लाल का, तर वाळवी लाल रंगाला भिते, असं मला आधीच्या बाबूंनी सांगितलं होतं. वाळवीला मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

लोक यायचे ते बहुतेक कोतवाल बुकासाठी. जुन्या मध्य प्रांतात गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की कोतवाल वहीत त्याची नोंद करायचा. नाव, बापाचं नाव, वय, कशानं गेला, आणि जात. हा शेवटचा रकाना लिहिणाऱ्याला सगळ्यात बिनमहत्त्वाचा वाटत असेल. पन्नास-साठ वर्षांनी त्याच रकान्यावर पोरांचे प्रवेश, नोकऱ्या आणि लग्नं अडली. जातीचा दाखला खरा की खोटा हे ठरवायला एक समिती होती आणि समितीला पन्नास सालाआधीचा कागद लागायचा. म्हणून ज्याला त्याला आजा हवा होता. खोटी माणसं फाईल नीट लावून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून आणत. खऱ्यांच्या हातात कापडी पिशवी असायची आणि पिशवीत रेशनकार्ड.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. आष्टीचा एक दुकानदार आला होता. बेचाळीसच्या उठावात आपला आजोबा होता, त्याचा पुरावा पाहिजे, गावात चौकाला नाव द्यायचं आहे म्हणाला. दोन दिवस शोधून मी आजोबा काढून दिला. उठावाच्या वेळी तो हजर होता यात शंका नव्हती, कारण बंदोबस्ताला आलेल्या शिपायांना चहा-फराळ पुरवल्याबद्दल त्याची सही होती. दुकानदारानं कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हे पान थोडं फाटू शकते का?"

तर अशा या खोलीत नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका डिसेंबरात, विडलॉक साहेब आले. इंग्लंडमधल्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. उंच, वाकलेले, नाक उन्हानं सोललेलं. बरोबर एक लांबलचक गुंडाळी. ती त्यांनी माझ्या टेबलावर उलगडायला सुरुवात केली. टेबल संपलं, स्टूल संपलं, तेव्हा आमचा शिपाई सुदाम दुसरं टोक धरून दारापर्यंत गेला. ती त्यांची वंशावळ होती.

सगळ्यात वर एझ्रा विडलॉक. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला जे कळलं ते असं, की हा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती धर्मोपदेशक. राजानं सगळ्या देवळांसाठी एकच प्रार्थनेचं पुस्तक ठरवलं आणि सगळ्या पाद्र्यांना फर्मान काढलं, की यातलं सगळं आम्हाला मान्य आहे असं लिहून द्या. बऱ्याच जणांनी दिलं. एझ्रा म्हणाला, जे मला पटत नाही ते पटतं असं मी लिहून देणार नाही. घर गेलं, देऊळ गेलं. मग तो गोठ्यात आणि झाडाखाली प्रवचनं करू लागला, म्हणून तुरुंगात गेला. या एका नकाराच्या पुण्याईवर पुढच्या साऱ्या पिढ्या उभ्या होत्या. विडलॉक साहेबांना त्याचा एकूण एक वंशज शोधून पुस्तक छापायचं होतं.

सुदामनं दारातून विचारलं, "म्हंजे हा आजा सत्याग्रही होता का, मॅडम?"

"तसंच समज."

"मंग एवढं काय त्याचं? आपल्या जिल्ह्यात तं घरोघरी हायत."

वंशावळीत एक फांदी तुटलेली होती. सॅम्युएल विडलॉक. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगचं यंत्र बसवायला आला, काही वर्षांनी काम सोडलं आणि बोरच्या जंगलाकडे निघून गेला. त्यानंतर बहिणीला लिहिलेलं एकच पत्र. ते साहेबांनी जपून आणलं होतं. त्यात एक वाक्य होतं, की इथल्या लोकांनी मला जेवण दिलं आणि आता मी त्यांचा झालो. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला होता, की पाहुणचार चांगला झाला. त्यापुढे सॅम्युएलच्या नावाखाली नुसतं प्रश्नचिन्ह.

आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, पाहुणा सातासमुद्रापलीकडून आला आहे. जिल्ह्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे. बाकी सगळं बाजूला ठेवा."

बाजूला ठेवायच्या त्या सगळ्यात शेवंता मडावी होती.

शेवंताबाई हिंगणीच्या पुढच्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची. गोंड. नवरा जंगल खात्याच्या कामावर असताना वारलेला. मुलगी दुर्गा हुशार. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. पण प्रवेश कच्चा. ठरल्या मुदतीत समितीचा दाखला आणा, नाहीतर जागा गेली. त्यासाठी नवऱ्याच्या आज्याची, बिसरू मडावीची नोंद पाहिजे होती. बिसरू मेला तो मोहटोल्याला, आणि मोहटोला धरणाच्या पाण्याखाली गेला. अशा बुडालेल्या गावांचे बस्ते मागच्या रॅकच्या सर्वांत वरच्या फळीवर टाकलेले होते. शिडी मोडलेली होती. नव्या शिडीचं मागणीपत्र मी तीन वर्षांपूर्वी पाठवलं होतं आणि दर वर्षी त्याचं स्मरणपत्रही पाठवत होते. म्हणजे माझी बाजू कागदावर भक्कम होती.

त्यामुळे आठ महिने शेवंताबाई यायची, दाराशी चपला काढायची आणि मी म्हणायची, "नाई सापडली, बाई. पुढच्या मंगळवारी येजा."

"येतो," म्हणायची आणि जायची. एकदाही तिनं विचारलं नाही, की शोधली का.

विडलॉक साहेबांसाठी शिडी दुपारपर्यंत आली. विजेच्या खांबावर चढायची, दोन माणसांनी उचलून आणलेली. मी पदर खोचून वर चढले. माझं वय पन्नासच्या पुढचं, कंबर दुखरी, पण जिल्ह्याची इज्जत खाली शिडी धरून उभी होती. तीन आठवडे आम्ही बोरकाठच्या गावांचे बस्ते उतरवले. विडलॉक साहेब रोज दहाला यायचे, सुदामचा उकळून काळा झालेला चहा प्यायचे आणि प्रत्येक वही दोन्ही हातांनी उचलायचे. एवढं मात्र कबूल करते, की कागदाची इतकी अदब मी आमच्या खात्यात पाहिली नाही.

सापडलं त्या दिवशी मंगळवार होता आणि शेवंताबाई दाराशी बसलेली होती. मोहटोल्याची मृत्यूची वही. कोतवालानं नवं पान सुरू केलेलं, आणि पानावरची पहिलीच नोंद: सामूल साहेब, पुरुष, वय अंदाजे साठ, ताप. आणि जातीच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात: गोंड.

मी मोठ्यानं वाचलं. मग साहेबांना समजावलं. ते आधी हसले, मग वाकून त्या अक्षराकडे बघत राहिले. सुदामला तर हसू आवरेना. "मॅडम, याले आता दाखला देऊन टाका! नोकरी लागन."

पाद्र्याच्या वंशात गोंड कसा काय, कोतवाल प्यालेला होता का, असं मी म्हणतच होते, तर दाराशी बसलेली शेवंताबाई उठून आत आली.

"सामूफुफा सापडला का?" ती म्हणाली.

"कोण फुफा?"

"आमच्या घरचाच होता ना, बाई. गोरा पाव्हणा. आमच्या आजसासऱ्याची बहीण, सुकमा, ते देली होती त्याले. मले सासूनं सांगतलं. आधी पंचांनी नाई म्हटलं. मंग त्यानं साऱ्या टोल्याले जेवण देलं, टोल्यानं त्याले जेवण देलं, अन् घेतला त्याले आमच्यात. काऊन, काय झालं?"

काही झालं नव्हतं. बाहेरच्याला जमातीत घ्यायचं तर पंचांसमोर जेवण व्हायचं, एका पंगतीला बसायचं, की झाला तो आपला. पत्रातलं जेवण ते हेच. इंग्लंडात सगळ्यांना पाहुणचार वाटलेलं वाक्य एका बाईनं पायरीवरून उठून उलगडून दिलं. कोतवाल प्यालेला नव्हता. गावानं ज्याला गोंड मानलं त्याला त्यानं गोंड लिहिलं. त्या टोल्यावर त्या वहीत याहून खरी नोंद असूच शकत नव्हती.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, सॅम्युएलला मूलबाळ?

"नाई," शेवंताबाई म्हणाली. "सुकमाफुफीले लेकरू नाई झालं."

साहेबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं की हायसं वाटलं हे मला ओळखता आलं नाही. निदान तेव्हा तरी नाही.

आणि त्याच पानावर, सामूल साहेबाच्या खालची तिसरी नोंद: बिसरू मडावी, ताप. आठ महिने जी सापडत नव्हती ती. जातीच्या रकान्यात डिट्टो. म्हणजे दोन छोट्या रेघा, वरच्यासारखंच. टोल्यावर सगळेच गोंड, तर कोतवाल प्रत्येक ओळीत कशाला लिहील? पानाच्या पहिल्या ओळीत लिहायचं, खाली डिट्टो मारत जायचं. सगळ्या कोतवालांची हीच पद्धत. तुमच्या-आमच्या आज्यांच्या जाती निम्म्या तरी अशाच डिट्टोवर टिकून आहेत.

मी दोघांनाही नकला दिल्या. विडलॉक साहेबांना पूर्ण पानाची, शिक्क्यासकट. ती त्यांनी छातीशी धरली. शेवंताबाईला बिसरूच्या ओळीची. नक्कल करणाऱ्याचा एक धर्म असतो: जसं आहे तसं उतरवायचं. शाई पसरली असेल तर 'अस्पष्ट' लिहायचं, डिट्टो असेल तर डिट्टो. मला या धर्माचा फार अभिमान होता. डिट्टोच्या जागी 'गोंड' लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. मी डिट्टो लिहिलं.

समितीनं अर्थातच विचारलं, की डिट्टो म्हणजे कुणासारखा? मूळ वही घेऊन हजर राहा असं पत्र आलं. आमचे साहेब वैतागले. मी मात्र निश्चिंत होते. शेवंताबाईची हकीकत होती आणि तिला दुजोरा देणारं पत्र खुद्द इंग्लंडात होतं. मी विडलॉक साहेबांना लिहिलं. सगळं मांडलं: मुलीची जागा, मुदत, तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीची प्रत आणि सुकमाबद्दल सहीनिशी चार शब्द पाठवा. मुलगी नात्यानं तुमचीही लागते, असंही लिहिलं.

उत्तर लवकर आलं, सुबक अक्षरात. आपली कळकळ समजते, परंतु पत्र खाजगी आहे. कुटुंबातल्या ज्येष्ठांच्या मंडळानं विचार करून ठरवलं आहे, की ज्या विवाहाची चर्चमध्ये नोंद नाही त्याबद्दल काही लिहून देणं योग्य होणार नाही. मुलीला शुभेच्छा. म्हणजे समिती त्यांच्याकडेही होती.

आठ-दहा महिन्यांनी त्यांचं पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. पहिल्या प्रकरणात एझ्रा, त्याचा तुरुंग, त्याचा नकार. आमच्या कोतवाल बुकाच्या पानाचा रंगीत फोटो, खाली लिहिलेलं की 'स्थानिक कारकुनाची गमतीदार चूक'. वंशावळीत प्रश्नचिन्हाच्या जागी: सॅम्युएल, अविवाहित, भारतात मृत्यू. आणि शेवटी आभार. त्यात माझं नाव आणि माझ्या 'निर्भीड प्रामाणिकपणाबद्दल' दोन ओळी.

त्या दिवशी मी विडलॉक साहेबांना पुष्कळ शिव्या दिल्या. खापरपणज्यानं खोट्यावर सही केली नाही म्हणून तुरुंग पाहिला, आणि याच्यानं खऱ्यावर सही होईना! सुदामला मी हे इतक्यांदा ऐकवलं की तो चहा ठेवून पळू लागला. पण आभाराच्या त्या दोन ओळी वाचून मला खरा राग कशाचा आला ते सांगायचं, तर सुनावणीचं सांगावं लागेल, आणि ते मी इथवर टाळत आले.

सुनावणी दुसऱ्या शहरात होती. मी वही घेऊन कचेरीच्या जीपनं गेले. शेवंताबाई आणि दुर्गा पहाटेच्या एसटीनं आलेल्या. निघताना आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "मॅडम, गोऱ्याला गोंड सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका. उद्या पेपरात येईल आणि आपल्या सगळ्या रेकॉर्डवर लोक हसतील. तुमचं एक वर्ष उरलं आहे."

आत तीन जण बसलेले. मी वही उघडली. मधल्यांनी पान पाहिलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेजारच्याला दाखवलं. दोघं हसले. शेवंताबाईनं फुफाची गोष्ट सांगितली, जशी मला सांगितली होती तशीच. ती सांगत असताना तिसरे सदस्य दुसरी फाईल चाळत होते.

"लेखी काही?"

लेखी काही नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही रेकॉर्डमधल्या अनुभवी आहात. हा इंग्रज माणूस गोंड लिहिला आहे, ही नोंद बरोबर की कारकुनाची चूक?"

मला माहीत होतं. मी शिडीवर चढून ते पान काढलं होतं, पत्रातली ओळ वाचली होती, दोन्ही टोकं माझ्यासमोर जुळली होती. तोंडातून फक्त 'बरोबर' एवढा शब्द काढायचा होता. ते हसले असते. फार तर साहेबांनी मेमो दिला असता. मला तुरुंगात कुणी टाकणार नव्हतं.

मी म्हणाले, "चूक असू शकते, सर."

त्यांनी लिहून घेतलं. पहिलीच नोंद चुकीची, त्यावर अवलंबून असलेले खालचे डिट्टो विश्वासार्ह नाहीत, सबब दावा अमान्य. सगळं मिळून चहा थंड व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. महिन्याभरात दुर्गाची जागा गेली. आज ती आपल्या टोल्याजवळच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. लोक तिला नर्सबाई म्हणतात, कारण ताप आलेल्या पोराला आधी तिच्याकडेच नेतात. ते ऐकून मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

सुनावणी संपल्यावर बाहेर व्हरांड्यात दोघी उभ्या होत्या. शेवंताबाई भिंतीला टेकलेली, पिशवी पोटाशी धरून. मी वही बस्त्यात बांधत होते आणि गाठ नीट बसत नव्हती. दुर्गा जवळ आली.

"मॅडम, ते पान तं तुमीच काढलं होतं ना?"

"हो."

"अन् आईनं सांगतलं ते तुमाले खरं वाटलं होतं ना?"

"हो, दुर्गा."

"मंग?"

मला लाज वाटत होती आणि ती लपवायला मी बस्त्याची गाठ सोडून पुन्हा मारायला लागले. ती माझ्या हातांकडे बघत होती. मग तिनं बस्ता माझ्या हातातून घेतला, गाठ आवळून पक्की केली आणि म्हणाली, "जड हाय, तुमची कंबर दुखते." जीपपर्यंत तिनंच तो नेला आणि सीटवर सरळ ठेवला.